चौकटीवरची एकशेवीसची खूण

फरशी बसवणाऱ्या माणसाचं आयुष्य गुडघ्यांवर जातं. उभ्या माणसाला खोली दिसते, त्याला सांधे दिसतात. या फरशीवाल्याला कामावर कोणी नावाने हाक मारत नसे, सगळे 'लेव्हल' म्हणत. लेव्हलपट्टीच्या नळीतला बुडबुडा दोन रेघांच्या बरोबर मध्ये आल्याशिवाय हा माणूस जेवणाचा डबा उघडत नसे. एकदा एका बाईंच्या स्वयंपाकघरात दोन मिलिमीटरसाठी त्याने बसवलेली अख्खी रांग उखडली. बाई वैतागल्या. "अहो, कोणाच्या बापाला कळतंय?" तेव्हा तो रबरी हातोडी खाली ठेवून म्हणाला, "बाई, पाण्याला कळतं."

लोकांच्या घरांत आरशासारख्या जमिनी करणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या घरात मात्र पंधरा वर्षं सिमेंटचा कोबा होता, तोही उतरता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असं त्याची बायको म्हणायची. ती औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. टेबलावरून घरंगळलेलं लिंबू दरवेळी त्याच कोपऱ्यात सापडायचं. "बरंय," ती म्हणायची, "आपल्या घरात काही हरवत नाही. सगळं तिथेच जाऊन बसतं."

दोन मुलं. मोठी साडेसात वर्षांची, धाकटा साडेतीनचा. धाकट्याला घरात 'बारका' म्हणत, आणि मोठीला मोठी म्हटलेलं आवडे.

मोठी पाच वर्षांची असताना तिने एका बसच्या पाठीवर जाहिरात पाहिली. खेळबागेची. बाग शहरापासून चार तासांवर. चित्रात आकाशाएवढा मनोरा, मनोऱ्याभोवती गोल खुर्च्या, खुर्च्यांत मुलं आणि त्यांचे पाय ढगांत लोंबत असलेले. बस सिग्नलला उभी होती तेवढा वेळ ती पापणी न हलवता बघत राहिली. बस गेल्यावर म्हणाली, "बाबा, त्यांच्या पायांखाली काहीच नव्हतं."

बाबाला हसू आलं. त्याचा सगळा जन्म लोकांच्या पायांखाली काहीतरी घालण्यात गेला होता, आणि पोरीला पायांखाली काहीच नको होतं.

त्याने बागेत फोन करून विचारलं. मनोऱ्यावर बसायला उंची किमान एकशेवीस सेंटिमीटर लागते, असं तिकडून सांगितलं. पोरगी तेव्हा शंभराच्या आसपास. मग त्याने काय केलं, तर पटाशी आणि स्टीलची टेप घेऊन मधल्या दाराच्या चौकटीवर खुणा कोरल्या. जमिनीपासून नव्वद, शंभर, एकशेदहा, अशा थेट एकशेचाळीसपर्यंत, मधल्या बारीक रेघांसकट. एकशेवीसची खूण जरा खोल मारली.

"हिला डोकं लागलं की त्याच महिन्यात जायचं."

"शब्द?"

"शब्द."

तेव्हापासून ती चौकट म्हणजे घरातलं देवघर झाली. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मोठी पाठ लावून उभी राहायची, बाबा तिच्या डोक्यावर गुण्या धरायचा. गुण्या म्हणजे काटकोन बघायची लोखंडी पट्टी. कधी अर्धा सेंटिमीटर वाढ, कधी काहीच नाही. शेवटी एकशे साडेपंधरापर्यंत येऊन गाडी जणू अडकली.

मग मध्ये चार महिने मोजणं राहूनच गेलं, कारण घरात जमिनीचं काम निघालं. एका मोठ्या कामावरून उरलेल्या पांढऱ्या फरश्या मालकाने घेऊन जा म्हटलं, आणि लेव्हलने रविवार-रविवार करून आपल्या घराची जमीन केली. कोब्याचा उतार मोडायला खाली सिमेंट-वाळूच्या मसाल्याचा थर दिला, वर फरश्या. काम संपल्यावर बायकोने मुद्दाम टेबलावरून लिंबू टाकलं. लिंबू पडलं आणि पडल्या जागी राहिलं.  "आता हरवलं तर शोधायचं कुठे?" ती एवढंच म्हणाली, पण त्या दिवशी तिने तीनदा फरशी पुसली.

त्यानंतर पहिल्या तारखेला मोठी चौकटीला पाठ लावून उभी राहिली. बाबाने गुण्या धरला आणि तो खाली वाकून बघतच राहिला.

एकशेवीस. वर अर्धा सेंटिमीटर.

"एवढी कशी गं वाढलीस?"

"मी रोज लटकत होते," मोठी म्हणाली. "शाळेत. बारला."

बारक्याला मोजलं तर तोही चौऱ्याण्णवावरून नव्याण्णवावर. बायको म्हणाली, "एकाच मातीतले भोपळ्याचे वेल दोन्ही."  पोरं वाढतात म्हणजे नेमकं कधी वाढतात, हे लेव्हलला कधी कळलं नव्हतं. आपण समोर असतो, रोज बघतो, तरी ते होताना दिसत नाही. मसाला सुकताना दिसत नाही तसं. त्याने मोठीच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि आपल्या घरात काहीतरी फार मोठं आपल्याला न विचारता घडून गेलंय, असं त्याला वाटलं.

शब्द तर दिला होता. तयारी सुरू झाली.

आता, सहल कशी ठरवायची हे ज्याच्या त्याच्या धंद्यावर असतं. लेव्हलच्या धंद्यात फरशी थेट चिकटवत नाहीत. आधी मसाल्याशिवाय नुसती मांडून बघतात. त्याला कोरडी मांडणी म्हणतात. आणि सुरुवात भिंतीपासून करत नाहीत, खोलीच्या मध्यापासून करतात. म्हणजे अख्ख्या फरश्या मध्ये येतात आणि कापलेले तुकडे कडेला, कपाटाखाली वगैरे जातात, जिथे कोणाची नजर जात नाही.

"दिवसाचा मध्य कुठला?" त्याने विचारलं.

"मनोरा!" मोठी ओरडली.

"कधी?"

"अकराला. मामा म्हणाला, अकराला ऊन पाठीवर असतं."

मामा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, सुतार. लेव्हलच्याच कामांवर दारं-खिडक्या बसवायचा. तो लग्नाआधी एकदा त्या बागेत जाऊन आला होता आणि त्या एका दिवसावर गेली सहा वर्षं सल्ले देत होता.

मोठीने चौकडीची वही काढली. बागेचा नकाशा फोनवर होता, तो तिने नव्या जमिनीवर खडूने उतरवला. एक फरशी म्हणजे वीस पावलं. मनोरा मध्ये, तिथे उंच स्टूल ठेवलं. बारक्याची छोटी आगगाडी म्हणजे चपलांची रांग. पाण्याची घसरगुंडी म्हणजे इस्त्रीची फळी. स्वच्छतागृहं तीन, त्यासाठी तीन वाट्या. खालची जमीन एकसारख्या चौकोनांची असल्यामुळे सगळी बाग तिथे नीट बसली, आणि आपल्या घराच्या जमिनीवर एवढी मोठी जागा मावते हे बघून लेव्हल भिंतीला टेकून उभा राहिला. लोकांच्या घरी तो फरशी बसवून निघून जायचा. नंतर त्या फरशीवर काय काय होत असेल, हे त्याने कधी पाहिलं नव्हतं.

मग रविवारी कोरडी मांडणी झाली. सगळ्यांनी बूट घातले, बायकोने पाठीवर पिशवी घेतली, मामा घड्याळ लावून खुर्चीत बसला.

"साडेनऊ. दार उघडलं!" मामा ओरडला. "ताई, चाल! गर्दी आली मागून!"

"माझ्याच घरात मला कसली गर्दी," बायको म्हणाली, पण चालली.

आगगाडीपाशी बारक्याने चपला खऱ्या चपलांसारख्या घातल्या आणि गाडीच मोडली. घसरगुंडीपाशी तो म्हणाला, "शू." मोठीने पटकन वहीत बघितलं. "आत्ता नाही! सव्वादहाला आहे तुझी शू!"

"मला आत्ताच आलीये."

"बघा दाजी," मामा म्हणाला. "पहिलाच तुकडा मापात बसेना."

लेव्हलने गंभीरपणे दुसरी वाटी तीन फरश्या पुढे सरकवली. वही बदलली. अशा चार फेऱ्या झाल्या. चौथ्या फेरीत अकराला चार मिनिटं असताना सगळे स्टुलापाशी पोचले. मोठी स्टुलावर चढली, डोळे मिटले, पाय लोंबवले. सगळे तिच्या पायांकडे बघत राहिले. बारकासुद्धा.

बायकोचं पॅकिंग तर बघण्यासारखं होतं. जे आधी लागणार ते वर, शेवटी लागणारं तळाशी, प्रत्येक पिशवीत काय आहे त्याची चिठ्ठी बाहेर. बिस्किटं, केळी, उकडलेली अंडी, बारक्याचे कपडे तीन जोड. "तीन?" लेव्हलने विचारलं. "एक भिजणार, एक सांडणार, एक देवाच्या नावाने," ती म्हणाली.

निघायला सहा दिवस होते, तेव्हा एका कामावर हे घडलं.

जुन्या घराचं न्हाणीघर. लेव्हलने नवी फरशी बसवली होती, मामा दार परत लावत होता. दार मिटेना, खाली फरशीला घासू लागलं.

"तुमची फरशी वर आली दाजी, माझं दार अडकलं," मामा म्हणाला. "तीन सेंटिमीटर तासावं लागणार खालून. तुमच्या घरचंही एवढंच तासलं होतं ना मी?"

"हो," लेव्हल म्हणाला.

आणि त्याच्या हातातली थापी तशीच राहिली.

दार तासलं होतं. दाराला खालून कापलं, कारण जमीन तीन सेंटिमीटर वर आली होती. दार कापलं, पण चौकट कोणी कापली नाही. चौकट होती तिथेच होती. तिच्यावरच्या खुणाही.

"काय झालं?" मामाने विचारलं.

"बारकाही पाचच वाढला होता," लेव्हल म्हणाला.

"म्हणजे?"

"दोन पोरं, दोन वयं, आणि दोघंही बरोबर पाच. त्यातले तीन मी वाढवलेत."

मामाला कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा तो दाराला टेकून खाली बसला. "अरे देवा. फरशी बसवणारे तुम्ही, दार तासणारा मी. दोन मोजणारे एका घरात, आणि अक्कल एकालाही नाही."

संध्याकाळी घरी कोणी यायच्या आत लेव्हलने टेप लावली. नव्या जमिनीपासून एकशेवीसच्या खुणेपर्यंत एकशेसतरा. त्याने तीनदा मोजलं. टेप काय, पाण्यासारखी असते. तिला कळतं.

दुसऱ्या दिवशी मामाने कागदात गुंडाळलेलं काहीतरी त्याच्या हातात दिलं. प्लायवूडचे दोन तुकडे, मोठीच्या बुटाच्या मापाचे, कडा घासून गोल केलेल्या. "पंचवीस मिलिमीटर. वर जाड मोजे घालायचे. कोणाच्या बापाला कळणार नाही."

लेव्हलने ते परत करायला हवे होते. केले नाहीत. दोन दिवस ते त्याच्या कामाच्या पिशवीत फिरले. मध्येच तो बाहेर काढून बघायचा. एकदा तर एक कड टोचेल म्हणून त्याने स्वतः पॉलिश पेपर मारला, आणि शेवटी ते गुपचूप मोठीच्या बुटांच्या पिशवीत सारले. दोन मिलिमीटरसाठी लोकांची जमीन उखडणारा माणूस! पण तिथे पाणी होतं, इथे पोरगी होती. दोन वर्षं ती चौकटीला पाठ लावून उभी राहिली होती, बारला लटकली होती. तिला सांगायचं कोणी, की तू वाढली नाहीस, बाबाने जमीन वर आणली?

सांगायची वेळ बायकोने आणली. तिच्या पिशव्यांत तिला माहीत नसलेलं काही राहू शकत नसे. मोठीच्या बुटांच्या पिशवीत हात घातला आणि प्लायचे तुकडे हाताला लागले.

"हे काय?"

त्याने सांगितलं. सगळं. ती ऐकून घेत पिशवीची चेन उघडझाप करत राहिली.

"आमच्याकडे डबीवर जे लिहितात ते आत असावं लागतं," ती शेवटी म्हणाली. "नसलं तर पेटीच्या पेटी परत येते. पोरीवर एकशेवीस लिहून आत एकशेसतरा पाठवणार तुम्ही?"

"अडीचच सेंटिमीटरचा प्रश्न आहे गं."

"अहो, त्या मनोऱ्यावरच्या खुर्चीचा पट्टा खांद्यावर बसतो ना? त्यांनी एकशेवीस काय गंमत म्हणून लिहिलंय? तो पट्टा बुटाकडे बघतो की खांद्याकडे?"

लेव्हलचा हात आपोआप स्वतःच्या खांद्यावर गेला. गेले दोन दिवस त्याने फक्त खालचं माप बघितलं होतं, पायाचं. वरचं बघितलंच नव्हतं. त्याला वर बघायची सवयच नव्हती. त्याने ते तुकडे घेतले आणि खालचं कपाट हलत होतं त्याच्या पायाखाली सारले. कपाट हलायचं थांबलं.

दुसऱ्या दिवशी मोठी शाळेतून आल्यावर त्याने तिला चौकटीपाशी बोलावलं. स्वतः गुडघ्यांवर बसला. टेपचं एक टोक तिला जमिनीला धरायला दिलं, दुसरं वर खुणेपर्यंत नेलं. "वाच."

"एकशेसतरा." तिने परत वाचलं. "टेप चुकली बाबा."

"टेप नाही, मी चुकलो. खुणा केल्या तेव्हा जमीन खाली होती. मग मी ती वर आणली. खुणा तिथेच राहिल्या."

तिने खाली पाहिलं.  मग पायाने फरशी दाबून बघितली. "म्हणजे कोबा अजून आहे? खाली?"

"आहे की."

"आणि आपण त्याच्या वर?"

"तीन सेंटिमीटर वर."

"सगळेच? आई पण? फ्रीज पण?"

"फ्रीज पण."

तिच्या तोंडावर हसू यायला लागलं होतं, एवढं घरच्या घर उचललं गेलं आणि कोणाला कळलं नाही म्हणून. मग अर्ध्यात ते थांबलं. "म्हणजे मी एकशेवीस नाहीये."

"नाही बाळा. एकशेसतरा आणि अर्धा."

"म्हणजे मनोरा नाही."

"नाही. माझी चूक झाली. शब्द मी दिला होता."

ती आत जाऊन न्हाणीघराचं दार लावून बसली. मामाने तासलेलं दार, ते आवाजही न करता मिटलं. लेव्हल बाहेर भिंतीला टेकून बसून राहिला. आतून नळ सोडल्याचा आवाज येत होता, मुद्दाम मोठा. बारका आला, त्याच्या मांडीत बसला आणि दाराकडे तोंड करून जोरात म्हणाला, "ताई, मी पण नाहीये एकशेवीस!"

नळ बंद झाला.

ती बाहेर आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं आणि डोळे लाल. तिने चौकडीची वही काढली, पेन्सिल घेतली. लेव्हलला वाटलं आता मनोऱ्यावर काट मारणार. तिने काट मारली नाही.

"मधली फरशी काढली तर सगळंच हलतं, नाही का?" तिने विचारलं.

"हलतं."

"मग नको काढायला. अकराला मनोरा आहेच. फक्त तू बसायचं."

"मी?"

"शब्द तू दिला होतास ना? मग तू जा आणि वरून काय दिसतं ते मला आणून दे. सगळं. नुसतं 'छान होतं' असं नाही चालणार."

बायको तोंड फिरवून हसली. कारण तिला माहीत होतं ते पोरीला माहीत नव्हतं. हा माणूस चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत फरशी बसवताना कायम भिंतीकडे तोंड करून बसायचा.

मंगळवारी ते बागेत पोचले. साडेनऊला दार उघडलं आणि आत गेल्यावर समोर जे पसरलं होतं, ते बघून मोठीने वही बंद केली. घरी जमिनीवर तिने खडूने वीस-वीस पावलांचे चौकोन काढले होते, पण आकाश काही काढलं नव्हतं. मनोरा एवढा उंच, की त्याच्या टोकापाशी पोचायला नजरेला मध्ये थांबावं लागत होतं.

लेव्हलने सवयीने आधी खाली पाहिलं. दारापासून मनोऱ्यापर्यंत खेळाच्या मैदानाएवढं मोठं पटांगण, आणि ते सगळं फरशीच्या फुटक्या तुकड्यांनी भरलेलं. निळे, पांढरे, राखाडी. तळहातापेक्षा मोठा एकही तुकडा नाही. तो खाली बसला, एका सांध्यावरून बोट फिरवलं.

"काम चांगलंय," तो म्हणाला. "पण ओळ बघ कशी गेलीये. वाकडी. इथून सरळ निघाली आणि तिकडे पार हातभर सरकली. कोणी दोरी लावलीच नाही."

"अहो, सुट्टीवर आलात ना?" बायको म्हणाली. "उठा, लोक अंगावरून जातील."

आगगाडी झाली. घसरगुंडी झाली. बारक्याची सव्वादहाची शू दहालाच झाली. एक जोड भिजला, एकावर सरबत सांडलं. अकराला सहा मिनिटं असताना सगळे मनोऱ्याखाली होते. दाराशी उंची मोजायचा खांब होता, त्याला एकशेवीसवर लाकडी पक्ष्याची चोच. मोठी स्वतःहून जाऊन तिच्याखाली उभी राहिली. चोचीच्या आणि डोक्याच्या मध्ये दोन बोटं उरली.

"अगं, थोडक्यात राहिलीस गं," तिथली मोजणारी ताई म्हणाली.

"अडीच सेंटिमीटर," मोठी म्हणाली. "मला माहितीये. माझे बाबा फरशीवाले आहेत."

ताईला काही कळलं नाही, पण तिने मान डोलावली.

"आम्ही तिथे थांबतो," बायकोने पटांगणात बोट दाखवलं. मध्येच एक काळा गोल होता, खोलीएवढा. "म्हणजे वरून सापडू." मोठीने बाबाला खाली ओढून त्याच्या कानात सांगितलं, "डोळे मिटायचे नाहीत."

खुर्चीत बसल्यावर खांद्यांवरून जाड पट्टा आला आणि खटकन बसला. लेव्हलने मनात बायकोला नमस्कार केला. मग खुर्च्यांचं कडं वर निघालं, हळू, आणि त्याच्या पायांखालची जमीन गेली.

त्याने आधी समोरचा खांब पाहिला. मग खांब पाहणंही सोडलं, नुसते बोल्ट मोजले. पण पोरीला बोल्ट सांगून काय उपयोग? वर थांबल्यावर सगळं एकदम शांत झालं. वाऱ्याचा आवाज तेवढा. त्याने श्वास घेतला आणि खाली पाहिलं.

खाली पटांगण नव्हतं. खाली देवमासा होता.

या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच मासा, निळा, पाठ राखाडी, पोट पांढरं. शेपूट दाराशी, जिथून ते आत आले होते. दोरी न लावता गेलेली ती वाकडी ओळ ही त्याची पाठ होती. हातभर सरकलेली नव्हती ती, वळलेली होती. प्रत्येक फुटका तुकडा जिथे हवा तिथेच होता. आणि तो काळा गोल हा माशाचा डोळा, आणि त्या डोळ्यात तीन ठिपके. एक पिवळा फ्रॉक, एक लाल ओढणी, एक कडेवरचा बारका. फरश्यांच्या सांध्यात अंतर राखायला घालतो त्या प्लास्टिकच्या फुलीएवढे.

कोणीतरी हे गुडघ्यांवर बसून केलं होतं. वीस माणसं असतील, पन्नास असतील. दिवसाला हातभर, पाठीवर ऊन, आणि डोळ्यांसमोर फक्त तुकडा आणि सांधा. त्यांतला कोणी कधी या खुर्चीत बसला असेल का? आपण काय करतोय हे त्यांना कधी दिसलं असेल का? लेव्हलला आपली वीस वर्षं आठवली, एकेका खोलीची, आणि त्या खोल्यांत कोणी खडूने काय काय काढलं असेल ते. त्याचे डोळे भरून आले. ते वाऱ्याने, असं त्याने नंतर बायकोला सांगितलं.

मग कडं एकदम खाली सुटलं, आणि तो ओरडला. डोळे मात्र मिटले नाहीत.

 खाली उतरल्यावर तो कसाबसा काळ्या गोलापर्यंत आला.

"आणलंस?" मोठीने विचारलं. "काय दिसलं?"

त्याने आधी पायाखालचा काळा गोल पाहिला, मग दूर दाराकडे नजर टाकली. बायकोने पाण्याची बाटली पुढे केली. "चक्कर आली का हो? बसा जरा."

"तुम्ही कुठे उभे आहात माहितीये?" तो म्हणाला. "डोळ्यात."

"कोणाच्या?"

"सांगून नाही कळायचं. चल, चालून दाखवतो."

आणि तो निघाला. डोळ्यापासून तोंडापर्यंत, तोंडावरून वर, मग त्या वाकड्या ओळीवर एकापुढे एक पाऊल ठेवत. त्याच्या मागे मोठी, पावलं मोजत. तिच्या मागे बारका, त्याच्या मागे पिशव्या घेऊन बायको. "ही पाठ," तो सांगत होता. "हा इथे पर. आता पोट, इथून पांढरं. आता वळ, शेपूट आली." लोक बाजूला होऊन बघत होते, की हे एक कुटुंब मोकळ्या पटांगणात असं वाकडंतिकडं का चाललंय. वहीतली सव्वाअकराची होडी राहिली, साडेअकराचं केळंही राहिलं. कोणाच्या लक्षात आलं नाही.

शेपटीच्या टोकाशी मोठी थांबली. "तीनशेबेचाळीस पावलं," ती हळूच म्हणाली. मग मागे वळून पाहिलं. तिथून नुसते तुकडे दिसत होते, निळे, पांढरे, राखाडी.

"आपण आलो तेव्हा याच्यावरूनच आलो ना?"

"याच्यावरूनच."

"आणि ज्यांनी बसवला, त्यांना दिसला होता?"

लेव्हलने विचार केला. खोटं सांगायचं नव्हतं. "काम करताना नसेल दिसला."

 पिवळा फ्रॉक आवरून ती गुडघ्यांवर बसली, मग ओणवी झाली, गाल जमिनीला टेकवला आणि एक डोळा मिटला. फरशी सपाट बसली का ते बघायला बाबा घरी, कामावर, कुठेही करायचा अगदी तसंच. तिच्यापासून मनोऱ्यापर्यंत सगळा देवमासा उन्हात पसरला होता. बारका तिच्या पाठीवर चढून बसला, तरी ती हलली नाही. बऱ्याच वेळाने तिने दुसरा डोळा उघडला.

"बाबा," ती म्हणाली, "लेव्हलमध्ये आहे."